कावसजी नायगमवाला आणि पुण्याची आरशाची दुर्बीण

गतवर्षी नाताळच्या सुट्टीपूर्वी जळगाव जिल्ह्यातील एका वसतिगृहातील मुले आमच्याकडे एक अडचण घेऊन आली. त्यांना स्वतःच्या हातांनी आरशाची दुर्बीण तयार करावयाची होती. नळीसाठी कापडाच्या दुकानातील जाड पुठ्ठ्याचे नळकांडे मिळाले होते, बैठक गावचा सुतार करून देणार होता. प्रश्न होता तो आरशाचा. कोणता घ्यावा, किती व्यासाचा घ्यावा आणि त्याची नाभी किती लांब असावी? सेमिनरीत असताना आम्ही पदार्थविज्ञानाची दोनचार पुस्तके वाचली होती, त्या बळावर आम्ही सल्ला दिला आणि तो चुकला. सहा इंच व्यासाचा आणि तीस इंच नाभीय अंतराचा आरसा टपालाने मागविला. विक्रेत्याने तो अन्वस्ताकार असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात तो साध्या गोलाकार वक्रतेचा निघाला. तारे बिंदूसारखे दिसण्याऐवजी पिठाच्या गोळ्यांसारखे दिसू लागले.

मुलांची समजूत घालता घालता आम्हाला एका जुन्या माणसाची आठवण झाली. आज सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी याच प्रश्नापुढे तो उभा राहिला होता. फरक एवढाच, की त्याच्या हाती लोकांनी विश्वासाने दिलेले दहा हजार रुपये होते आणि चूक झाली असती तर ती साऱ्या मुंबई इलाख्यात दिसली असती. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. भारतातील पहिल्या खगोलभौतिक वेधशाळांपैकी एक वेधशाळा त्यांनी पुण्यात उभारली. खगोलशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे, परंतु आपल्या शाळांच्या पुस्तकांत ते क्वचितच आढळते.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालचा. ते पारशी समाजातील होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, १८७८ साली ते एम. ए. झाले आणि पुढे त्याच कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून रुजू झाले. १८८२ साली भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी कॉलेजला भेट दिली. महाराज विद्येचे चाहते होते. ज्या सामळदास कॉलेजात पुढे १८८८ साली मोहनदास गांधी काही महिने शिकले, ते भावनगरचे कॉलेज याच महाराजांनी स्थापन केले. तरुण अध्यापकाने ही संधी साधली. प्रकाशाच्या पृथक्करणाची, म्हणजे वर्णपटाच्या अभ्यासाची एक प्रयोगशाळा असावी, असे त्यांनी महाराजांपुढे मांडले. महाराजांनी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली.

येथे वर्णपटाविषयी थोडे सांगितले पाहिजे. सूर्यप्रकाश लोलकातून गेला म्हणजे सात रंगांचा पट्टा पडतो, हे आपण सर्वांनी शाळेत पाहिले आहे. या पट्ट्यात बारीक रेषा असतात आणि त्या रेषांवरून तो प्रकाश कोणत्या मूलद्रव्यांपासून आला ते ओळखता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे ज्ञान नवे होते. ताऱ्यांचे त्यांच्या वर्णपटांवरून वर्ग पाडण्याचे काम पहिल्याप्रथम मोठ्या प्रमाणावर केले ते येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की यांनी. त्यांची वेधशाळा रोममधील संत इग्नेशियसच्या चर्चच्या छतावर होती. फादर सेक्की १८७८ साली निवर्तले. त्याच वर्षी नायगमवाला एम. ए. झाले. हा निव्वळ योगायोग आहे, परंतु आम्हाला तो लक्षात ठेवावासा वाटतो.

१८८४ साली नायगमवाला उपकरणे खरेदी करण्यासाठी इंग्लंडला गेले. तेथे राजज्योतिषी विल्यम ख्रिस्टी आणि सूर्याच्या वर्णपटाचे नामांकित अभ्यासक नॉर्मन लॉकयर यांच्याशी त्यांची चर्चा झाली. दोघांचाही सल्ला पडला, की नुसती प्रयोगशाळा करू नये, आकाशाकडे रोखलेली वेधशाळाच करावी. प्रयोगशाळेचा बेत असा वेधशाळेचा झाला आणि मोठ्या दुर्बिणीचा प्रश्न उभा राहिला.

दुर्बीण दोन प्रकारची असते. एकीत समोर मोठे भिंग असते, दुसरीत तळाशी अंतर्वक्र आरसा. भिंगाच्या दुर्बिणीला त्या काळी अधिक मान होता, कारण ती एकदा बसविली की वर्षानुवर्षे तक्रार करीत नसे. पण भिंगातून जाताना निळा आणि तांबडा प्रकाश एकाच ठिकाणी एकत्र येत नाही. दोन काचांचे जोडभिंग केले तरी सर्व रंग जुळत नाहीत. ज्याला वर्णपटच अभ्यासावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने हा दोष गंभीर होय. आरसा मात्र सर्व रंगांना सारखेच वागवितो. शिवाय मोठ्या भिंगासाठी आरपार निर्दोष काच लागते आणि तिच्या चार बाजू घासाव्या लागतात. आरशाची एकच बाजू नीट झाली की काम भागते, म्हणून तो स्वस्तही पडतो.

मग सर्वांनी आरसेच का वापरले नाहीत? आरशाची कल्पना तर जुनी आहे. येशूसंघीय फादर निक्कोलो झुक्की यांनी १६१६ साली काशाचा अंतर्वक्र आरसा घेऊन दुर्बिणीसारखा प्रयोग केला होता. पण आरशाचा आकार अचूक नसल्याने प्रतिमा अस्पष्ट आली. न्यूटनने १६६८ साली आरशाची पहिली चालणारी दुर्बीण केली. तिचा आरसा जेमतेम सव्वा इंचाचा होता. पुढे विल्यम हर्शेल या चर्चमधील ऑर्गनवादकाने आपल्या राहत्या घरात आरसे ओतून व घासून जगातील उत्तम दुर्बिणी तयार केल्या आणि त्यांपैकी एकीतून १७८१ साली युरेनस शोधला. हे सारे आरसे धातूचे होते. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाचे, म्हणजे आपल्या चर्चच्या घंटेच्याच धातूचे, फक्त कथलाचे प्रमाण घंटेपेक्षा जास्त. हा धातू काचेसारखा ठिसूळ असतो. तो पडलेल्या प्रकाशाचा सुमारे दोन तृतीयांश भागच परत पाठवितो आणि दमट हवेत काळवंडतो. काळवंडला की पुन्हा घासावा लागतो, आणि घासला की ज्या आकारासाठी महिनोन्‌महिने खपलो तो आकारच बिघडतो.

याचा एक कडू धडा नायगमवालांच्या वेळी ताजा होता. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याने मेलबर्नसाठी अठ्ठेचाळीस इंची धातूच्या आरशाची दुर्बीण बनविली होती. ती १८६९ साली तेथे उभी राहिली, परंतु आरसा काळवंडत गेला आणि तेथील वेधशाळेच्या प्रमुखांना तो स्वतः घासून पुन्हा चकाकी आणण्याची पाळी आली. या एका अपयशाने आरशाच्या दुर्बिणींचे नाव कित्येक वर्षे खराब झाले.

तथापि दरम्यान दुसरी वाट निघाली होती. १८५६-५७ च्या सुमारास जर्मनीत श्टाइनहाइल आणि फ्रान्समध्ये फूको यांनी काचेचा आरसा करून त्याच्या पुढच्या पृष्ठावर चांदीचा अतिशय पातळ थर चढविला. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया, पोटॅश आणि साखर यांच्या द्रावणात काच बुडविली की चांदी तिच्यावर बसते. ताजी चांदी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठविते. ती काळी पडली तर नायट्रिक आम्लाने धुऊन टाकावी आणि नवा थर चढवावा. काचेचा आकार जसाच्या तसा राहतो. (हे द्रावण साठवून ठेवले असता त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो, तेव्हा आमच्या उत्साही वाचकांनी हा प्रयोग घरी करू नये.) फूको यांनी आणखी एक मोलाची युक्ती दिली. दिव्याच्या बारीक छिद्रातून आलेला प्रकाश आरशावरून परतवून, तो जेथे एकत्र येतो तेथे धारदार पाते आडवे सरकवावयाचे. आरशावर पडणाऱ्या छायेवरून त्याचे उंचसखल भाग डोळ्यांना दिसतात. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी चूकही या साध्या पात्याने पकडता येते.

१८८३ साली अँड्र्यू कॉमन या हौशी इंग्रज निरीक्षकाने आपल्या बागेतील छत्तीस इंची चांदीच्या मुलाम्याच्या आरशाने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. डोळ्यांना कधीही न दिसलेले तारे त्यात उमटले होते. १८८४ साली, नेमके नायगमवाला इंग्लंडला गेले त्या वर्षी, रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॉमन यांना सुवर्णपदक दिले. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे दिसत होते. पुण्याच्या वेधशाळेची मुख्य दुर्बीण ठरली ती चांदीचा मुलामा दिलेल्या काचेच्या आरशाची, आणि तीही त्याच ग्रब यांच्या कारखान्यातील. मेलबर्नचा इतिहास समोर असताना पुन्हा त्याच दारात जाण्यास धैर्य लागले असेल असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो विचारपूर्वक केलेला निर्णय होता. दोष कारागिरीत नव्हता, धातूत होता.

पुढे ही दुर्बीण वीस इंची म्हणून ओळखली गेली. आपल्या डोळ्याची बाहुली अंधारात फार तर सात मिलिमीटर उघडते. त्या हिशेबाने वीस इंची आरसा डोळ्यापेक्षा सुमारे पाच हजार पट प्रकाश गोळा करतो. त्या काळी भारतात एवढी मोठी दुसरी दुर्बीण नव्हती.

१८८५ साली नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि वेधशाळेचा बेतही त्यांच्याबरोबर मुंबईहून पुण्यास आला. १८८८ साली ती सुरू झाली. दात्याच्या स्मरणार्थ तिला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असे नाव मिळाले. पुण्याच्या पावसाळ्यात चार महिने आकाश मिळत नाही आणि ओलसर हवा व धूर चांदीला लागल्यावाचून राहत नाही. मोठे कर्मचारीमंडळ तर नव्हतेच. दिवसा कॉलेजात शिकवावयाचे आणि रात्री दुर्बिणीपाशी बसावयाचे, असा हा संसार होता.

याच सुमारास आपल्या खानदेशातही आकाशाचा एक थोर अभ्यासक वावरत होता, याची आठवण येथे करून देणे योग्य होईल. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी काही वर्षे धुळ्याच्या ट्रेनिंग शाळेत शिक्षकाचे काम केले. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांनी मराठीत लिहिलेला इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला. एक जण जुन्या सिद्धांतग्रंथांची पाने चाळीत होता आणि दुसरा ताऱ्यांच्या प्रकाशाची. महाराष्ट्राने त्या एका पिढीत दोघांनाही पाहिले.

नायगमवालांच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग १८९१ च्या सुमारास आला. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. त्या काळी ज्ञात असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळेना. लॉकयर यांचे म्हणणे असे, की ती मॅग्नेशियममुळे निर्माण होते. सारे विश्व उल्कांच्या थव्यांपासून बनले असा त्यांचा सिद्धांत होता आणि या रेषेवर त्या सिद्धांताचा मोठा भार होता. मॅग्नेशियमचा तो पट्टा एका बाजूला ठळक आणि दुसऱ्या बाजूला विरत जाणारा असतो. मग तेजोमेघातील रेषाही एका कडेला पुसट दिसावयास हवी. इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांना हे मान्य नव्हते आणि वाद विकोपाला गेला होता.

मृगाचा हा तेजोमेघ लंडनच्या आकाशात क्षितिजापासून तेहतीस अंशच वर चढतो. पुण्यात तो सहासष्ट अंशांपर्यंत येतो. धुके नाही, हवेचा थर कमी आणि हाताशी मोठा आरसा. नायगमवालांनी ती रेषा पुन्हा पुन्हा तपासली. ती दोन्ही कडांना सारखीच रेखीव होती. फाटा नाही, विरणे नाही.

आता काय करावे? ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, इंग्लंडमधील विद्वानांच्या वर्तुळात ज्यांचा शब्द वजनदार होता, त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध हा पुरावा जात होता. वसाहतीतील एका अध्यापकाने गप्प राहणे पत्करले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. कदाचित कोणाला कळलेही नसते. नायगमवालांनी आपले निरीक्षण रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे पाठविले आणि ते प्रसिद्ध झाले. ते स्वतः त्या सोसायटीचे सदस्य होते. पुढे १९२७ साली अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी त्या रेषेचे कोडे उलगडले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अतिविरल अवस्थेत असताना ती रेषा टाकतो. मॅग्नेशियमचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावरून महाराष्ट्रात शिरली आणि वऱ्हाडाकडे गेली. आपल्या जळगाव-धुळ्याकडे ते खंडग्रासच दिसले. आदल्याच वर्षी पुण्यावर प्लेगचे संकट येऊन गेले होते आणि त्याची सावली अजून सरली नव्हती. अशा काळात नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथकही तेथेच उतरले होते. संपूर्ण ग्रहणाचा काळ सुमारे दोन मिनिटांचा. तेवढ्यात त्यांनी सूर्याच्या प्रभाकिरीटाचे वर्णपटीय वेध घेतले. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली मुंबईस छापला गेला. त्याच दिवशी दूर बिहारमधील डुमराव येथे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे येशूसंघीय फादर द कांपिन्यूल हेही आपल्या पथकासह तेच ग्रहण पाहत होते.

लॉकयर स्वतः त्या ग्रहणासाठी विजयदुर्गावर आले होते. तेथील चौथऱ्यांना लोक अजूनही साहेबाचे कट्टे म्हणतात. १८६८ च्या ग्रहणात लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असे जे वारंवार छापले जाते ते मात्र बरोबर नाही. १८६८ साली ते इंग्लंडमध्येच होते. त्या वर्षीच्या ग्रहणाचे वेध आपल्या बाजूस जमखंडी येथून घेतले गेले आणि ते घेणारे लेफ्टनंट जॉन हर्शेल हे ऑर्गनवादक विल्यम हर्शेल यांचे नातू होते.

१९११ साली पुण्याच्या कॉलेजचे नाव बदलून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाले. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबरच वेधशाळाही संपली. तिची सारी उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालच्या सौर वेधशाळेकडे रवाना झाली. आमच्यापैकी ज्या ज्येष्ठ याजकांनी कोडाईजवळील शेंबागनूरचे येशूसंघीय विद्यालय पाहिले आहे, त्यांना तो डोंगर ठाऊक आहे. वीस इंची दुर्बीण तेथे दीर्घकाळ निरुपयोगी पडून राहिली आणि पुष्कळ वर्षांनी पुन्हा उभी करण्यात आली. भावनगरची दुर्बीण हे तिचे नाव तेवढे टिकले.

याबद्दल सरकारला दोष देणे सोपे आहे. परंतु आम्हाला असे वाटते, की त्यात नायगमवालांचाही थोडा वाटा असावा. चोवीस वर्षांत त्यांनी वेधशाळा उभारली, चालविली, तिचे नाव विलायतेत नेले, पण तिची धुरा खांद्यावर घेईल असा एकही उत्तराधिकारी मागे उभा राहिला नाही. वेधशाळा एका माणसाची होती आणि त्या माणसाबरोबरच उठली. धर्मग्रामांत, शाळांत, दवाखान्यांत हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. पुणे जिल्ह्यात पुन्हा मोठ्या आरशाची संशोधन दुर्बीण येण्यास २००६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जुन्नरजवळ गिरवली येथे आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली. नायगमवाला १९३८ साली निवर्तले.

राहता राहिली आमच्या मुलांची दुर्बीण. चूक कोठे झाली हे आम्हाला उशिरा उमगले. सहा इंची आरशाचे नाभीय अंतर अठ्ठेचाळीस इंच असेल तर साधी गोलाकार वक्रताही चालते, कारण तेवढ्या उथळ आरशात गोल आणि अन्वस्त यांत फारसा फरक राहत नाही. अंतर तीस इंचांवर आणले की तोच फरक चौपट होतो आणि मग आरसा खरोखरीच अन्वस्ताकार लागतो. फूकोची पात्याची कसोटी दिव्यावर करून पाहिली असती तर आरसा नळीत बसविण्यापूर्वीच दोष कळला असता. दुसऱ्या खेपेस मुलांनी अठ्ठेचाळीस इंची नाभीचा आरसा घेतला. त्यावर आजच्या पद्धतीप्रमाणे चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा थर होता. प्रकाश बाजूला वळविण्यासाठी सव्वा इंचाचा सपाट दुय्यम आरसा घेतला. तो याहून मोठा घेतला तर येणारा प्रकाश अडतो. नेत्रिका पंचवीस मिलिमीटरची, म्हणजे वस्तू सुमारे पन्नास पट मोठी दिसते. नळी लांबली, म्हणून कापडाच्या दुकानातून आणखी एक नळकांडे आणावे लागले आणि सुताराची थोडी बोलणीही खावी लागली.

जानेवारीतील एका रात्री त्यांनी ती वसतिगृहाच्या गच्चीवर मृगाकडे रोखली. तीन ठळक ताऱ्यांच्या खाली धुरकट डाग होता, आणि त्याच्या मधोमध चार तारे स्पष्ट वेगवेगळे दिसत होते. एक मुलगा बराच वेळ डोळा लावून बसला आणि मग म्हणाला, की फादर, हा धूर पांढरा नाही, किंचित हिरवट आहे. आम्ही वाकून पाहिले. तो खरोखरीच हिरवट होता. १८९१ साली पुण्यात तपासलेल्या त्या रेषेचाच हा रंग.